रोज चार-पाच तास चालेल आणि पाच-सहा वर्षं टिकेल असा ड्रॉइंग टॅब्लेट कोणता घ्यावा?

गोदाकाठची_रेघ :

नमस्कार मंडळी,

मी नाशिकची, सिडकोत राहते. लग्नपत्रिकांवरची चित्रं, लहान मुलांच्या पुस्तकांची चित्रं अशी कामं घरूनच करते, गेली अडीच वर्षं सगळं डिजिटल. त्याआधी जलरंग आणि पोस्टर कलर.

माझा टॅब्लेट (बिनपडद्याचा, लॅपटॉपला केबलने जोडून पेनाने रेघ काढायची पाटी) आता मरायला टेकलाय. (कंपनीचं नाव घेत नाही, माझ्याच वापरण्यात काही चुकलं असेल तर उगाच कुणावर खापर नको.) झालंय असं की केबल जिथे घुसते तिथलं सॉकेट सैल झालंय, केबल जरा हलली की लॅपटॉपवर टुंग आवाज येतो, टॅब्लेट गेला, परत टुंग, परत आला. महिनाभर मी केबलखाली काडेपेटी ठेवून त्या एका कोनात ती धरून काम करतेय. परवा रामकुंडाचं एक चित्र करत होते, पाऊस थांबल्यावर घाटाच्या ओल्या पायऱ्यांवर जो आडवा उजेड पडतो ना, त्यासाठी एक लांब हलका स्ट्रोक हवा होता, तो प्रत्येक वेळी अर्ध्यातच तुटला. सात वेळा अन्डू केलं आणि शेवटी लॅपटॉप मिटून टाकला, रडायलाच आलं खरं सांगते.

तर नवीन घ्यायचाय. बजेट बारा हजार, फार तर पंधरा. लॅपटॉप १५.६ इंची, काम क्रिटा या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये. सध्याचा टॅब्लेट छोटा आहे, मनगट दुखतं. माझा भाचा आठवीत आहे, चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षा झाली, आता इंटरमिजिएटची तयारी चाललीय, तोही संध्याकाळी येऊन वापरणार. म्हणजे दोन हात, आणि त्यातला एक बऱ्यापैकी धसमुसळा.

दुकानात गेले की सगळे पेनाच्या दाबाच्या २०४८ लेव्हल, ४०९६ लेव्हल, ८१९२ लेव्हल एवढंच सांगतात. टिकाऊपणाबद्दल कुणी बोलतच नाही. ज्यांनी वर्षानुवर्षं वापरलाय त्यांनी सांगा ना, काय बघून घ्यावं?

---

जुना_कुंचला :

ताई, चित्र अर्ध्यात तुटतं तेव्हा काय होतं ते समजू शकतो. मी ३१ वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, निवृत्त झाल्यावर मुलीने टॅब्लेट आणून दिला, तेव्हा वाटलं होतं हे आपलं काम नाही, आता सकाळचे दोन तास त्यावरच जातात.

पहिलं म्हणजे मनगटाचं. छोट्या टॅब्लेटची चित्र काढायची जागा साधारण १५२ बाय ९५ मिलिमीटर असते, म्हणजे जवळपास एक पोस्टकार्ड. तुमच्या लॅपटॉपचा पडदा अंदाजे ३४५ मिलिमीटर रुंद. म्हणजे हात १ सेंटीमीटर हलला की पडद्यावर रेघ सव्वादोन सेंटीमीटर जाते. हात बिचारा सतत आखडून, जपून चालणार, सगळं बोटांतून आणि मनगटातून काढणार. मध्यम आकार २१६ बाय १३५ चा असतो, साधारण ए५ वहीएवढा, त्यावर तेच प्रमाण १.६ वर येतं. मुलांना आम्ही फळ्यावर काय सांगायचो, रेघ खांद्यातून काढा. पोस्टकार्डावर खांदा वापरायला जागाच नसते हो.

आणि याचा टिकण्याशीही संबंध आहे. आखडलेला हात जोर जास्त लावतो. जोर जास्त म्हणजे निब (पेनाचं बदलता येणारं टोक) लवकर झिजते, खालचा पृष्ठभागही. म्हणून मध्यमच घ्या, छोटा नकोच.

लेव्हलचं म्हणाल तर माझ्या पहिल्या टॅब्लेटला २०४८ होत्या, आताच्याला ८१९२ आहेत, माझ्या हाताला काडीचा फरक कळला नाही. कळतो तो वेगळाच फरक: पेन अगदी हलकं टेकवलं तर रेघ उमटायला सुरुवात होते की आधी थोडं दाबावं लागतं. जलरंगवाल्याला हे फार महत्त्वाचं, कारण आपला हात कोरड्या ब्रशच्या ओझरत्या स्पर्शाला सरावलेला असतो. नाशिकला जलरंगातल्या निसर्गचित्रांचं केवढं वेड आहे, शिवाजी तुपे यांची निसर्गचित्रं बघत आमची पिढी वाढली, त्या हाताला दाबून काढायला लावणं म्हणजे शिक्षाच. तेव्हा दुकानात पेन हातात घेऊन नुसतं फिरवून बघा, आकडे नंतर.

---

सोल्डर_सातपूर :

ताई थांबा, तो टॅब्लेट टाकू नका!! तुम्ही सांगताय ती लक्षणं वाचून ९० टक्के वाटतंय की बोर्ड चांगला आहे, फक्त सॉकेट उचकटलंय.

मी दुरुस्तीचंच काम करतो, मोबाईल, लॅपटॉप, कधीकधी असे टॅब्लेट पण येतात. सांगतो काय होतं ते. ते सॉकेट बोर्डवर बारीक पायांनी डकवलेलं असतं, त्यातले बाजूचे पाय त्याला जागेवर धरून ठेवतात आणि मागच्या पाच पिना करंट आणि डेटा नेतात. लोक म्हणतात मायक्रो युएसबी वाईट आणि टाइप-सी चांगलं. खरं तर दोन्ही १०,००० वेळा काढ-घाल करायच्या हिशोबाने बनवलेली आहेत, आणि मायक्रोमध्ये झिजणाऱ्या स्प्रिंगा मुद्दाम केबलच्या टोकाला दिल्यात, म्हणजे केबल आधी जावी, सॉकेट नाही. मग जातं कशाने? काढ-घाल केल्याने नाही, बाजूने ओढ बसल्याने. टॅब्लेट मांडीवर, केबल खाली लोंबकळतेय, किंवा उचलून बाजूला ठेवताना केबल तशीच टेबलाच्या कडेला दाबली गेली, प्रत्येक वेळी तरफेसारखा जोर त्या बारीक पायांवर येतो. एक दिवस सोल्डर तडकतो. मग तुमच्यासारखी काडेपेटी लावून लोक चालवतात, त्याने खालचे तांब्याचे पॅडसुद्धा बोर्डवरून सुटून येतात, आणि मग काम अवघड होतं. म्हणून काडेपेटी आजच काढा प्लीज.

हॉट एअरने, म्हणजे गरम हवेच्या झोताने, जुनं सॉकेट काढून नवीन बसवणं हे कुठल्याही नीट मोबाईल रिपेअरवाल्याचं रोजचं काम आहे. फक्त जाताना टॅब्लेट आहे हे आधी सांगा, बरेच जण मागचं कव्हर घाईत उचकटतात, खालचे स्क्रू बहुतेक रबरी पायांखाली लपलेले असतात ते आधी काढायचे.

आणि नवीन घ्याल त्याला पहिल्या दिवसापासून एल आकाराच्या टोकाची केबल लावा, काटकोनात वळलेली. टोक कुठल्या बाजूला वळतंय ते घेताना बघा, डावं-उजवं दोन्ही मिळतं. केबलचा पाच-सहा सेंटीमीटर भाग टॅब्लेटच्या पाठीला कापडी चिकटपट्टीने चिकटवून टाका, थोडी ढील ठेवून. मग कितीही ओढ बसली तरी ती पट्टीवर येते, सॉकेटवर नाही. भाचा येणार म्हणताय तर हे कराच.

---

गोदाकाठची_रेघ :

दादा, काडेपेटी काढली! आणि मी खरंच मांडीवर घेऊन बसते, सोफ्यावर. आता कळतंय.

सर, तुमचं पोस्टकार्डचं उदाहरण वाचून खरंच पोस्टकार्डाएवढा कागद टॅब्लेटवर ठेवून बघितला, तंतोतंत. अडीच वर्षं मी यावर लग्नाच्या मिरवणुका काढत होते.

अजून एक विचारायचं राहिलं. माझ्या टॅब्लेटवर मधोमध, जरा डावीकडे, एक चकचकीत डाग पडलाय, बोट फिरवलं तर तिथे गुळगुळीत लागतं आणि बाकीकडे खरखरीत. पेन तिथे आलं की सटकतं. हे सगळ्यांचंच होतं का?

---

रात्रपाळी :

होतं ताई, सगळ्यांचं होतं, पण किती लवकर होतं ते आपल्या हातात असतं. मी गेमसाठी बॅकग्राउंड रंगवते, दिवसाला सात-आठ तास, तर या विषयावर खूप काही शिकलेय.

आधी निब काढा आणि नखावर टेकवून बघा. नवीन निबचं टोक गोल असतं. झिजलेली निब एका बाजूने तिरकी, सपाट होते, छिन्नीसारखी, कारण आपण पेन कायम एकाच कोनात धरतो. त्या सपाटीला जी कड येते ना ती धारदार असते, नखाला टोचते बघा. ती कड पृष्ठभागाला खरवडते. म्हणजे निबचे चार पैसे वाचवायला जाऊन टॅब्लेटची चादरच जाते. टोक अर्धं सपाट झालं की मी निब बदलते, वाट बघत नाही. मधल्या काळात पेन बोटांत थोडं थोडं फिरवत राहायची सवय लावलीय, त्याने झीज सगळ्या बाजूंनी सारखी होते.

दुसरं, धूळ. उन्हाळ्यात खिडकी उघडी राहिली की संध्याकाळी टॅब्लेटवर हात फिरवा, कचकच लागते. ती धूळ पेनाखाली आली की पॉलिश पेपरचं काम करते. बसायच्या आधी किंचित ओलसर मऊ कापडाने पुसायचं, मग कोरड्याने. स्पिरिट, काच पुसायचा स्प्रे असलं काही नाही.

आणि तिसरं, जे मला कुणीतरी चार वर्षं आधी सांगायला हवं होतं. क्रिटात सेटिंग्जमध्ये कॉन्फिगर क्रिटा, त्यात टॅब्लेट सेटिंग्ज, तिथे प्रेशरची एक वक्ररेषा असते. ती मधून थोडी वर उचला. म्हणजे कमी दाबातच पूर्ण जाड गडद रेघ मिळते. मला गडद सावल्या भरताना पेन रुतवायची सवय होती, वक्ररेषा उचलल्यावर पंधरा दिवसांत हात हलका झाला, आणि आधी दीड-दोन महिन्यात एक निब संपायची ती आता चार-पाच महिने जाते. मनगटालाही आराम, तो वेगळा.

काहीजण तुम्हाला स्क्रीनवाला घ्या सांगतील. मी स्वतः ह्युऑन कंपनीचा कामवास १३ वापरते, १३.३ इंची पडदा आहे, थेट चित्रावरच पेन टेकतं, मला कामाला आवडतो. पण तुमचा प्रश्न टिकाऊपणाचा आहे म्हणून सांगते, पडदा आला की पॅनेल आलं, बॅकलाइट आला, एकाऐवजी दोन-तीन केबली आल्या, गरम होणं आलं, आणि मान सतत खाली. बिनपडद्याच्या टॅब्लेटला ओरखडा पडला तर चालून जातं, पडद्याला पडला तर प्रत्येक चित्रात दिसतो. भाचा धसमुसळा आहे ना? मग नकोच.

---

नवा_भिडू :

आयपॅड आणि त्यावरच्या प्रोक्रिएट या चित्रांच्या ॲपचा विचार का नाही करत? केबलची कटकटच नाही.

---

रात्रपाळी :

चांगलाच आहे, पण ताईंच्या बजेटच्या बराच बाहेर जातो, पेन्सिल वेगळी घ्यावी लागते, आणि त्या पेन्सिलीत बॅटरी असते. खूप दिवस चार्ज न करता पडून राहिली तर ती कायमची जाऊ शकते. आणि प्रोक्रिएट लॅपटॉपवर चालत नाही, ताईंच्या सगळ्या फाइली क्रिटात आहेत.

---

सोल्डर_सातपूर :

बॅटरीवरून आठवलं, पेनाबद्दल सांगायचं राहूनच गेलं. टॅब्लेट घेताना बिनबॅटरीचं पेन आहे ना बघा, आता बहुतेकांना तेच येतं. त्याचं तंत्र मस्त आहे, टॅब्लेटच्या आत तारांची जाळी असते, ती चुंबकीय लहरी सोडते, पेनात एक छोटी कॉइल आणि कपॅसिटर असतो तो त्या लहरींवरच घटकाभर जिवंत होतो आणि उलट सिग्नल देतो. वॅकॉम कंपनीने हे आणलं, पुढे त्यांच्या जुन्या पेटंटची मुदत संपत गेली तसे ह्युऑन, एक्सपी-पेनवालेही बॅटरीचं पेन सोडून याच्यावर आले. झिजायला आत काही नाही, वर्षानुवर्षं चालतं.

पण पडलं की गेलं!! निबच्या बाजूने फरशीवर सरळ पडलं तर धक्का निबवाटे थेट आत जातो. बऱ्याच पेनांत निबच्या मागे फेराइटचा बारीक तुकडा असतो, तो काचेसारखा ठिसूळ. तडकला की पेन एकतर उमटतच नाही नाहीतर न टेकवता रेघा ओढत सुटतं. माझ्याकडे आलेली दहातली सात पेनं अशीच. दुरुस्ती जवळजवळ होत नाही, नवीनच घ्यावं लागतं.

म्हणून घ्यायच्या आधी हा प्रश्न विचारा: याचं सुटं पेन आणि निबा मिळतात का? एका कंपनीचं पेन दुसऱ्या कंपनीच्या टॅब्लेटवर चालत नाही, आणि एकाच कंपनीतसुद्धा सगळी सगळ्यांना चालत नाहीत. ज्या मॉडेलचं पेन बाजारात सुटं मिळतं तेच घ्या. ह्युऑनचं पीडब्ल्यू १०० पेन त्यांच्या एच६४०पी, एच९५०पी, एच१०६०पी अशा बऱ्याच मॉडेलना चालतं, ते सोयीचं. वॅकॉमच्याही वन बाय वॅकॉम, इंट्युओसची पेनं मिळतात. कुठलंतरी नाव न ऐकलेलं स्वस्तातलं घेतलं आणि पेन पडलं, तर टॅब्लेट म्हणजे नुसता प्लास्टिकचा पाट.

---

मोकळा_कर्नल :

सगळे हार्डवेअरवर बोलताय, ड्रायव्हरचं, म्हणजे लॅपटॉपला टॅब्लेट ओळखायला लावणाऱ्या सॉफ्टवेअरचं, कुणी बोललं नाही. माझ्या पाहण्यात चांगले धडधाकट टॅब्लेट ड्रायव्हरमुळे कपाटात गेलेत. कंपनी काही वर्षांनी जुन्या मॉडेलचा सपोर्ट बंद करते, आपण विंडोज अपडेट करतो, आणि एक दिवस प्रेशरच येत नाही.

माझा वॅकॉमचा टॅब्लेट ११ वर्षांचा आहे, अजून रोज चालतो, कारण मी लिनक्सवर आहे आणि वॅकॉमचा ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच असतो, वेगळं काही टाकावं लागत नाही, लावला की चालू. इतर कंपन्यांच्या टॅब्लेटसाठी ओपनटॅब्लेटड्रायव्हर म्हणून मुक्त ड्रायव्हर आहे, तो विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतो, पुष्कळ मॉडेल्स त्यात आहेत. घ्यायच्या आधी तुमचं मॉडेल त्याच्या यादीत आहे का बघून ठेवा, म्हणजे उद्या कंपनीने हात वर केले तरी आपण अडत नाही.

नवीन टॅब्लेट आणला की आधी जुन्याचा ड्रायव्हर पूर्ण काढा, रीस्टार्ट करा, मग नवा टाका. दोन कंपन्यांचे ड्रायव्हर एकत्र राहिले की भांडतात. प्रेशर येत नसेल तर क्रिटाच्या त्याच टॅब्लेट सेटिंग्जमध्ये विनटॅब आणि विंडोज इंक असे दोन पर्याय आहेत, एक चालत नसेल तर दुसरा लावून क्रिटा बंद करून उघडा.

अजून एक, हे बरेच जण विसरतात. टॅब्लेट १६:१० प्रमाणात असतो आणि लॅपटॉपचा पडदा बहुतेक १६:९. ड्रायव्हरमध्ये प्रमाण कायम ठेवायचा पर्याय असतो तो लावा. नाहीतर हाताने गोल काढला की पडद्यावर आडवा लंबगोल येतो, आणि माणूस समजतो आपला हात बिघडला.

---

द्राक्षबाग :

मी कॉलेजला आहे, कॉलेज रोडच्या एका सीनिअरकडून सेकंडहँड घेतला, दोन वर्षं झाली काही प्रॉब्लेम नाही. ताई जुना घ्यायची तयारी असेल तर पंधरा हजारात वरच्या दर्जाचा पण मिळू शकतो, वॅकॉमच्या इंट्युओस प्रो मध्यममध्ये, पीटीएच-६६० वाला, वरची पोताची शीट बदलता येते. म्हणजे तो चकचकीत डाग पडला की शीट बदलायची, बस्स.

पण घेताना स्वतःचा लॅपटॉप घेऊन जायचं आणि पट्टी. हो, शाळेतली ३० सेंटीमीटरची पट्टी. टॅब्लेटवर तिरकी ठेवायची आणि तिच्या कडेने पेन अगदी हळू ओढायचं, मुंगीच्या चालीने. रेघ सरळ आली तर ठीक, नागमोडी आली तर जाळीत गडबड. असं चारही कोपऱ्यात करायचं, मधे कुठे रेघ तुटते का बघायचं. आणि रेघ ओढताना केबल हळूच हलवून बघायची.

एक मात्र, मला घरी आणल्यावर नागमोडी रेघा यायला लागल्या, मी घाबरलो, पैसे पाण्यात वाटलं. नंतर लक्षात आलं की लॅपटॉपचा चार्जर लावला की येतात, काढला की जातात. आमचं घर जुनं, पंचवटीतलं, एक्स्टेंशन बोर्डला अर्थिंगच नव्हतं. अर्थिंग असलेल्या पॉइंटवर लावला आणि रेघ सरळ.

---

सोल्डर_सातपूर :

एकदम बरोबर. पेनाचा सिग्नल फार नाजूक असतो, चार्जरचा गोंगाट त्यात मिसळतो. लोक चार्जरची तिसरी पिन कापून दोन पिनांच्या बोर्डात घालतात, ते तर अजिबात करू नका, टॅब्लेटसाठी नाही आणि जिवासाठीही नाही.

---

गोदाकाठची_रेघ :

मंडळी, दहा दिवसांनी आलेय, आधी सगळ्यांचे मनापासून आभार.

पहिलं, जुना टॅब्लेट जगला!! एम.जी. रोडला एका दुरुस्तीवाल्याकडे नेला, रबरी पायांखालचे स्क्रू मीच दाखवले. त्याने भिंगाखाली सॉकेट दाखवलं, डावीकडचा पाय पूर्ण सुटलेला आणि सॉकेट दारासारखं एका बाजूने उघडत होतं. एक पॅड निघालं होतं, तिथे त्याने केसाएवढी तार टाकली. पाऊण तासात काम झालं, पैसे तर एका निबांच्या पाकिटाएवढे. एक महिना आधी गेले असते तर ते पॅडही वाचलं असतं.

पण मनगटासाठी मध्यम हवाच होता. पीटीएच-६६० दोन बघितले, एकाची रेघ पट्टीने नागमोडी आली (द्राक्षबाग, तुझी पट्टी कामाला आली रे), दुसऱ्याचं पेन नव्हतं. शेवटी नवीन वन बाय वॅकॉम मध्यम घेतला, सीटीएल-६७२. याला २०४८ लेव्हलच आहेत, बाजूला बटणं नाहीत, पेन तिरकं धरलेलं कळत नाही, सॉकेटही मायक्रोच. हे सगळं माहीत असून घेतला. शॉर्टकट मी डाव्या हाताने कीबोर्डवरच करते, तिरक्या पेनाचे ब्रश वापरत नाही, आणि मला जे हवं होतं ते यात आहे: पेन नुसतं टेकलं की उमटतं, आत बिघडायला फार काही नाही, आणि उरलेल्या पैशात सुटं पेन, निबांची दोन पाकिटं आणि एल केबल आली. केबल पाठीला चिकटवली. छोटा भाच्याला दिला, त्याचीही केबल चिकटपट्टीने चिकटवली. भाच्याला पेन ठेवायला जुन्या चष्म्याचं घर दिलंय, नियम एकच, हातात नसेल तेव्हा पेन घरात.

चार दिवस हात चुकत होता, सगळं लांब लांब वाटायचं, रेघ ठरवलेल्या जागेच्या अलीकडेच थांबायची. पाचव्या दिवशी जमलं. काल रामकुंडाचं चित्र परत उघडलं, पायऱ्यांवरचा तो उजेड एका स्ट्रोकमध्ये आला, डावीकडून उजवीकडे, मधे कुठेही न तुटता. अन्डू नाही केलं.

---

जुना_कुंचला :

शाब्बास ताई! चित्र इथे टाका, बघायचंय. आणि भाच्याला एक सांगा, इंटरमिजिएटचा सराव कागदावरच कर म्हणावं, परीक्षेत अन्डू मिळत नाही.

---

गोदाकाठची_रेघ :

हो सर, त्याला शनिवार-रविवार कागद आणि बाकी दिवस अर्धा तास टॅब्लेट असं ठरवून दिलंय. चित्र रात्री टाकते, आकाशाचा एक लेयर राहिलाय.